हाफकिनचे आजारी पॅरामिशियम

नारळ खवताना सासूबाईंचं बोट विळीच्या दात्यांवर कापलं. जखम काही मोठी नव्हती, पण विळी जुनी आणि दात्यांवर गंज चढलेला, म्हणून मी त्यांना धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेले. "आम्ही हळद दाबायचो आणि कामाला लागायचो," हे त्यांचं वाटेत चालूच होतं. आत सिस्टरांनी स्टीलच्या ट्रेमध्ये सगळं मांडलं : कापसाचे बोळे, स्पिरिट, सिरिंजचं पाकीट आणि जखम पुसायला चिमटा. बोळा उचलताना चिमटा त्यांच्या हातून निसटला आणि टणकन फरशीवर पडला. त्यांनी तो उचलला, पलीकडच्या बेसिनमध्ये ठेवला आणि कपाटातून दुसरं निर्जंतुक पुडकं काढून फोडलं. "अगं, आत्ताच तर पुसलीय फरशी, तोच घे की," सासूबाई म्हणाल्या. "नाही आजी, तो आता गेला," असं म्हणून सिस्टर जखम पुसायला लागल्यासुद्धा. त्यात विशेष असं काहीच नव्हतं. रोज कुठे ना कुठे चिमटे पडतात, बेसिनमध्ये जातात. पण तो टणकन आवाज माझ्या डोक्यातून जाईना.

कारण मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि दरवर्षी निर्जंतुकीकरणाचा धडा संपता संपता एका पडलेल्या चिमट्याची गोष्ट सांगते. परीक्षेत येत नाही, म्हणून घाईघाईत सांगते. दिवस ३० ऑक्टोबर १९०२, ठिकाण तेव्हाच्या पंजाबातलं मलकोवाल नावाचं खेडं. प्लेगची लस टोचायला डॉक्टर आलेले. पाच बाटल्या उघडल्या, १०७ माणसांना लस टोचली. आठवडा उलटला आणि त्यांतल्या १९ जणांचे जबडे आवळू लागले. हे एकोणीसही एकाच बाटलीतली लस घेतलेले, बाटलीवरचा क्रमांक ५३-एन. त्यांतलं कोणीही वाचलं नाही. प्लेगनं नाही, धनुर्वातानं गेले. बाटली उघडायच्या वेळी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्यानं तो उचलला, कार्बोलिक या जंतुनाशकाच्या पाण्यात हलवून घेतला आणि त्याच चिमट्यानं बाटलीचं बूच ओढलं. ज्योतीवर धरला असता तर बहुधा ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. धनुर्वाताचे बीजाणू, म्हणजे त्या जंतूची जाड कवचात झोपलेली रूपं, गुराघोड्यांच्या वावराच्या मातीत हमखास असतात आणि कार्बोलिकला ते दाद देत नाहीत. तासन्‌तास त्यात बुडवून ठेवले तरी जिवंत राहतात. नुसतं हलवून घेतल्यानं काय होणार?

मुलं इथे हळहळतात. मग मी विचारते, याची शिक्षा कोणाला झाली असेल? ती मदतनिसाचं नाव घेतात, डॉक्टरांचं घेतात. ज्या माणसाला झाली तो तिथून कित्येक मैल दूर, मुंबईत, परळला होता.

हाफकिन.

आपल्या तोंडी हाफकिन म्हणजे परळची एक इमारत. सर्पदंशावरचं इंजेक्शन, पोलिओचे डोस, 'हाफकिनसमोर उतरा'. त्या नावाचा एक माणूस होता, त्याला लहानपण होतं, मास्तर होते, पोलिसांशी कटकटी होत्या, हे मलाही नोकरीला लागेपर्यंत ठाऊक नव्हतं. वाल्डेमार हाफकिनचा जन्म १८६० सालचा, ओडेसाचा. तेव्हाच्या रशियन साम्राज्यातलं काळ्या समुद्रावरचं हे बंदर. विद्यापीठात त्याला गुरू मिळाला तो मेचनिकोव्ह, म्हणजे शरीरातल्या पेशी जंतूंना गिळतात हे पुढे दाखवून देणारा. शिष्य मात्र अभ्यासाबरोबर झारविरोधी चळवळीतही होता. ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले तेव्हा संरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत होता, पकडलाही गेला. शिक्षण संपल्यावर प्राध्यापकी हवी असेल तर बाप्तिस्मा घे, असं सुचवण्यात आलं. त्यानं नकार दिला आणि प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात काम पत्करलं. तिथे तो एकपेशीय जीव पाहत बसे. युग्लीना, पॅरामिशियम. ज्यांना औषध नाही, बाजार नाही, ज्यांच्यावरून कोणाला काही पडलेलं नाही, असे जीव.

माझा जीव जडला तो या हाफकिनवर. लसवाल्यावर नंतर.

१८८८ मध्ये त्यानं रशिया सोडला, जिनिव्हात थोडे दिवस शिकवलं आणि पुढच्या वर्षी मेचनिकोव्हच्या मागोमाग पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये येऊन पोचला. तिथे रिकामी जागा होती ती ग्रंथपालाच्या मदतनिसाची. ती त्यानं घेतली. दिवसा पुस्तकं द्यायची-घ्यायची आणि उरलेल्या वेळात मायक्रोस्कोप. या उरलेल्या वेळातून १८९० मध्ये त्याचा एक निबंध छापून आला, विषय : पॅरामिशियमचे संसर्गजन्य रोग. माणसाचे नाहीत, गुराढोरांचे नाहीत, डबक्यातल्या एकपेशीय जीवाचे. पॅरामिशियमला दोन प्रकारची केंद्रकं असतात, एक मोठं आणि एक लहान. हाफकिनला काही पेशींची केंद्रकं फुगलेली दिसली, आणि आत बारीक काड्यांची दाटी. नीट पाहिल्यावर त्यात तीन प्रकार निघाले. दोन प्रकार लहान केंद्रकात राहणारे, तिसरा फक्त मोठ्या केंद्रकात. आपली खोली सोडून दुसरीत जायचं नाही, असा एकेकाचा नेम. त्यानं त्यांना नावं दिली : होलोस्पोरा अंड्युलाटा, होलोस्पोरा एलेगन्स, होलोस्पोरा ऑब्टुसा.

हे वाचताना मला नेहमी वाटतं की एवढं पाहायला किती निवांतपणा लागला असेल! पॅरामिशियम काही तुमच्यासाठी थांबत नाही. काचपट्टीवर थेंब ठेवला की ते गिरक्या घेत या कडेनं त्या कडेला पळतं. त्याला आवर घालायला आम्ही कापसाचे चार तंतू टाकतो, त्यात ते अडकतं, आणि मग त्याच्या अंगावरच्या बारीक केसांसारख्या केशिका (सिलिया) डोळ्यांसमोर हलताना दिसतात. त्या अडकलेल्या, धडपडणाऱ्या पेशीच्या आत केंद्रक शोधायचं, ते नेहमीपेक्षा मोठं आहे हे ओळखायचं, त्यातल्या काड्या सरळ की वळणदार ते पाहायचं, आणि हे अशा शेकडो पेशींत पुन्हा पुन्हा. त्या काड्या म्हणजे जिवाणू. यजमानाबाहेर ते वाढत नाहीत. पॅरामिशियम त्यांना अन्न समजून गिळतं, ते अन्नाच्या पोकळीतून निसटतात आणि नेमक्या आपल्या केंद्रकात शिरतात. हे सगळे तपशील पुढच्या लोकांनी भरले, पण पहिली ओळख ग्रंथालयाच्या मदतनिसाची. आजही या तीन प्रजातींची नावं शास्त्रीय लिखाणात लिहायची तर पुढे 'हाफकिन १८९०' असं येतं.

त्यानंतर दोनच वर्षांत हा माणूस कॉलऱ्याची लस स्वतःच्या अंगात टोचून बसला होता. १८ जुलै १८९२. गिनीपिगच्या पोटातून एकामागून एक ३९ वेळा फिरवून त्यानं कॉलऱ्याचा जंतू जहाल केला होता, आणि दुसरीकडे उष्णतेनं त्याला दुबळाही केला होता. आधी दुबळा, मग जहाल, अशा दोन टोचण्या. ताप आला, अंग दुखलं, उतरलं. मग त्याच्या रशियन मित्रांनी बाह्या वर केल्या. पाहणाऱ्याला हा धाडसाचा मामला वाटतो, आणि आहेच. पण मला त्यात तेच जुनं डबकं दिसतं. रोग म्हणजे दोन जिवांमधला व्यवहार, त्यातल्या एकाची ताकद वाढवता येते, कमी करता येते, हे कळायला आजारी पॅरामिशियम पाहिलेला प्राणिशास्त्रज्ञच जास्त लायक असावा. तो डॉक्टर नव्हता. हे त्याला आयुष्यभर ऐकून घ्यावं लागलं, मुंबईत तर फारच.

लस घेऊन जायचं कुठे? पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते लॉर्ड डफरिन, काही वर्षांपूर्वीचे आपले व्हाइसरॉय. त्यांनी हिंदुस्थान सुचवला. १८९३ च्या मार्चमध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरला. पुढच्या वर्षी काट्टल बागान नावाच्या वस्तीत कॉलरा आला, तेव्हा तिथल्या दोनशेक लोकांपैकी ११६ जणांनी लस घेतली. नंतर तिथे जे आजारी पडले ते सगळे लस न घेतलेल्यांतले. माझ्या मते त्याची खरी हुशारी इथे आहे. लस तेव्हा इतरही करत होते. पण एकाच वस्तीत, एकच पाणी पिणाऱ्या माणसांत, टोचलेले आणि न टोचलेले शेजारी शेजारी ठेवून मोजायचं, आणि आकडा बोलेपर्यंत आपण गप्प राहायचं, हा शहाणपणा त्या काळात दुर्मीळ होता. दोन-अडीच वर्षांत ४२ हजारांच्या आसपास लोकांना त्यानं लस दिली, चहाच्या मळ्यांतून, तुरुंगांतून, पलटणींतून. शेवटी मलेरियानं त्यालाच आडवं केलं आणि विलायतेला परतावं लागलं. तो परत आला १८९६ मध्ये, आणि त्याच पावसाळ्याच्या अखेरीस मांडवीत उंदीर मरायला लागले.

मुंबईच्या त्या प्लेगबद्दल आपल्याला वेगळं सांगायला नको. घराघरांत त्याची एक तरी आठवण आहे. माझी पणजी सातारकडची. गावात उंदीर पडला की सगळं गाव माळावर झोपड्या घालून राहायला जाई, हे ती सांगे. टोचणारे साहेब आले तेव्हा तिला तिच्या आईनं कणगीत लपवलं होतं. कणगीतल्या जोंधळ्याची धूळ नाकात गेली, शिंक येत होती आणि ती दाबून धरली होती, हे सांगताना ऐंशीच्या घरातली म्हातारी नाक चिमटीत धरून दाखवायची. आम्ही हसायचो. ती लस कोणाची, हे तिला माहीत नव्हतं आणि आम्हालाही. आता वाटतं, तिच्या आईचं काय चुकलं? घरांत शिरून माणसं ओढून नेणारे आणि दंडात सुई खुपसणारे, दोघांच्याही मागे सरकारच उभं होतं. इकडे आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणीकामगार चालून गेले ते काही उगाच नाही.

हाफकिनला ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. सोबत एक कारकून आणि तीन शिपाई. जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडलेला. तो पिसवांतून पसरतो हे अजून कोणी सांगितलेलं नव्हतं. सीमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत ते दाखवलं १८९८ मध्ये, आणि लोकांना पटायला आणखी वर्षं गेली. म्हणजे रोग येतो कुठून हे ठाऊक नसताना तो अडवायचा होता. तीन महिन्यांत लस तयार झाली. मधल्या काळात एका मदतनिसाची मनःस्थिती ढासळली आणि इतर सोडून गेले, असं नोंदवलेलं आहे. मला यात नवल वाटत नाही. बंद खोलीत, मुंबईच्या ऑक्टोबरात, चंबूचंबूंतून प्लेग वाढत असताना शेजारी बसून नोंदी करायच्या, हे पगारासाठी करायचं काम नाही.

आणि ते चंबू! हा भाग मी वर्गात कधीच घाईनं सांगत नाही. मांसाचा रस जंतूंना अन्न म्हणून लागतो. गाईचं किंवा डुकराचं मांस इथे चालणार नाही हे ओळखून त्यानं बोकडाचं मांस वापरलं. आणि त्या रसावर तुपाचे थेंब सोडले. साधं साजूक तूप. कधी खोबरेल. थेंब पृष्ठभागावर तरंगत राहतात आणि प्लेगचे जंतू त्यांच्या खालच्या अंगाला चिकटून वाढतात. चंबू अजिबात न हलवता ठेवला तर काही दिवसांनी त्या थेंबांपासून खाली पांढुरक्या दोऱ्या लोंबू लागतात, वडाच्या पारंब्यांसारख्या. जरासा धक्का लागला की तुटून तळाशी बसतात. मग मुद्दाम हलवायचं, सगळ्या पाडायच्या, पुन्हा निवांत ठेवायचं, पुन्हा नव्या फुटतात. असं महिनाभराहून अधिक. यात दुहेरी सोय होती. पीक भरपूर येई, आणि या पारंब्या धरणं ही प्लेगच्या जंतूची खूण असल्यानं चंबूत दुसरंच काही घुसलं असेल तर नजरेनंच संशय येई. शेवटी तासभर ६५ ते ७० अंशांवर तापवून जंतू मारायचे आणि वर अर्धा टक्का कार्बोलिक घालायचं. तूप घालून प्लेग पिकवणारा ओडेसाचा माणूस भायखळ्यात बसला होता, हे मुलांना सांगितलं की मागच्या बाकावरचेही मान वर करतात.

१० जानेवारी १८९७ ला त्यानं ही लस स्वतःला टोचून घेतली, १० घन सेंटिमीटर, पुढे लोकांना दिली त्याच्या तिपटी-चौपटीत. ताप आला, उतरला. महिना संपायच्या आत भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि तिथे त्याला मोजायची संधी मिळाली. ज्यांनी लस घेतली त्यांच्यातले २ आजारी पडले, दोघेही बरे झाले. न घेतलेल्यांतले १२ आजारी पडले, ६ दगावले. हे आकडे मी फळ्यावर लिहिते तेव्हा पहिल्या बाकावरून एक प्रश्न हटकून येतो, आणि यायलाच हवा : मॅडम, कैद्यांना 'नाही' म्हणता येत होतं का? कागदोपत्री ते स्वेच्छेनं पुढे आले होते. पण गजांच्या आत, प्लेगच्या तोंडावर, स्वेच्छा म्हणजे काय? आधी स्वतःला टोचून घेतलं म्हणून पुढचं सगळं धुतलं जातं असं मला वाटत नाही. त्यानं निदान आधी स्वतःला टोचून घेतलं, एवढंच. बाहेरच्या लोकांचा विश्वास बसला तो तुरुंगातल्या आकड्यांपेक्षा खोजांचे धर्मगुरू आगाखान यांच्यामुळे. विशीतल्या आगाखानांनी चारचौघांत लस घेतली, त्यांच्या मागून हजारो खोजा रांगेत आले, आणि प्रयोगशाळेला जागा नव्हती तर आपली खुश्रू लॉज ही इमारत त्यांनी दिली. १८९९ च्या ऑगस्टात हा पसारा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेला. गव्हर्नरसाहेबांच्या जुन्या दालनांत आता प्लेगचे चंबू.

इथून पुढे मला त्याची थोडी काळजीच वाटू लागते. डबक्यातलं पॅरामिशियम पाहणारा माणूस आता कारखाना चालवत होता. पंजाब सरकारला १९०२ मध्ये मोठी मोहीम काढायची होती, लाखांनी मात्रा हव्या होत्या, लवकर हव्या होत्या. तुपाच्या पारंब्यांना महिना लागतो. तेव्हा त्यानं पद्धत बदलली, जंतू अगारवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर, वाढवून उष्णतेनं मारायला सुरुवात केली, आणि कार्बोलिक घालणं सोडलं. पॅरिसला तसं करत होते, शास्त्राला धरूनही होतं. मग मलकोवाल झालं. चौकशी आयोगानं निष्कर्ष काढला की घाण बाटलीत शिरली ती परळलाच असावी, आणि कार्बोलिक काढून टाकलं हा दोष. हाफकिनला कामावरून दूर करण्यात आलं. १९०४ मध्ये तो विलायतेला निघून गेला.

त्याच्या बाजूनं उभा राहिला रोनाल्ड रॉस, सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरिया शोधून १९०२ चं नोबेल घेऊन बसलेला. रॉस मोठा भांडखोर. मलेरियाच्या शोधाच्या श्रेयावरून इटलीच्या ग्रासीशी त्याची जुंपलेली सगळ्यांना ठाऊक होती. पण हे भांडण तो स्वतःसाठी भांडत नव्हता. त्याचे मुद्दे मला प्रयोगशाळेतली माणसं बोलतात तसे वाटतात, वकिली नाहीत. त्याच मूळ चंबूतून भरलेल्या बाकीच्या बाटल्यांनी कोणाला काही झालं नाही, मग एकट्या ५३-एनमध्येच घाण परळला कशी पडेल? ती बाटली भरून ४१ दिवस झाले होते. इतके दिवस धनुर्वाताचा जंतू आत वाढला असता तर उघडताना वासानं नाक फिरलं असतं, आणि उघडणाऱ्याला तर काही वास आला नव्हता. हा वासाचा मुद्दा वाचून मी खुर्चीत सरळ बसले होते. ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या या कुळातल्या जंतूंची बाटली ज्यानं एकदा उघडली आहे, त्याला तो कुजकट भपकारा शपथेवर सांगावा लागत नाही. जेवणाच्या डब्यापर्यंत तो पाठलाग करतो. १९०७ च्या जुलैत लंडनच्या 'टाइम्स'मध्ये रॉससह दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचं पत्र आलं. फ्रान्समध्ये ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली होती, त्यावरून हे लहानसं ड्रायफस प्रकरण असं लोक म्हणू लागले होतेच. त्या वर्षाच्या अखेरीस हाफकिन निर्दोष ठरला.

तरीही, कार्बोलिकचं मला अवघडच जातं. ते बीजाणूंना मारत नाही हे खरं, पण बाटलीत वाढू पाहणाऱ्याला लगाम घालतं, म्हणून तर घालायचे. मोहिमेच्या रेट्यापायी संरक्षणाचा एक पदर काढला गेला, आणि मग दूरच्या खेड्यात दुसरा पदरही, ज्योतीचा, कोणीतरी काढला. आयोग चुकला तो बाटलीत घाण कुठे शिरली याबाबत. पण लाखो मात्रांचं उद्दिष्ट ठरवणाऱ्या पंजाब सरकारच्या टेबलापर्यंत कोणाचाच निष्कर्ष गेला नाही. निर्दोष मुक्ततेच्या या सगळ्या कथेत ते एकोणीस जण मात्र 'एकोणीस' एवढेच राहतात. माझ्या पणजीसारखे ते कणगीत लपले नव्हते. टोचून घ्या म्हटल्यावर पुढे आले होते. हाफकिनचं वाईट वाटता वाटता मी कधी कधी इथे अडकते, आणि मग मला त्याच्याबद्दल पुढे वाचवत नाही.

पुढचं वाचण्यासारखं फार नाहीही. निर्दोष ठरल्यावर तो हिंदुस्थानात परत आला, पण परळची खुर्ची भरलेली होती. त्याला कलकत्त्यात नेमलं, जिथे लस बनवायची सोयच नव्हती. काही वर्षं निबंध लिहिले, आणि पंचावन्नाव्या वर्षी, नियमानं जितक्या लवकर निवृत्त होता येतं तितक्या लवकर, तो निवृत्त होऊन गेला. त्यानंतर युरोपात एकटाच राहिला, लग्न केलं नाही. तरुणपणी बाप्तिस्मा नाकारणारा हा माणूस उतारवयात ज्यू धर्माच्या कर्मठ आचरणाकडे वळला, ज्यू धर्मशिक्षणाच्या शाळांसाठी पैसा ठेवला. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्याचं नाव दिलं तेव्हा, मुंबईच्या कामात आपली उमेदीची वर्षं गेली, असं त्यानं कळवलं. १९३० च्या ऑक्टोबरात लोझानला तो वारला. तोवर मुंबईतून त्याच्या प्लेगच्या लशीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर गेल्या होत्या.

त्याची प्लेगची लस आज कोणी वापरत नाही. कॉलऱ्याचीही नाही. त्यांच्या जागी दुसरी औषधं, दुसऱ्या लशी आल्या, आणि ते योग्यच झालं. लशीचं तसंच असतं, चांगली आली की जुनी जाते. होलोस्पोराला मात्र कोणी बदललेलं नाही. तीन प्रजाती होत्या तिथेच आहेत, दोन लहान केंद्रकात, एक मोठ्या, आणि पेशीच्या आत पेशी कशी घुसते हे समजून घेणारी माणसं त्या पॅरामिशियमवर अजून काम करतात. त्यांतल्या कित्येकांना प्लेगच्या हाफकिनशी देणंघेणं नसेल. एका माणसाची दोन आयुष्यं, एकमेकांना न ओळखणारी. मला विचाराल तर पहिलं अर्धवट राहिलं याची हळहळ त्याला नक्की वाटली असणार, पण मोठ्या आजारानं बोलावल्यावर डबक्यापाशी कोण बसून राहणार?

मी मात्र यंदा प्रॅक्टिकलला वेळापत्रकात नसलेलं एक काम घातलंय. वाळक्या गवताच्या पाण्यात पॅरामिशियम वाढवतो ते नेहमीचंच. पण एरवी केशिका, पोकळ्या, आकृती, सही, संपलं, असं होतं. आता मुलांना सांगितलंय, केंद्रक शोधा, आणि फुगलेलं दिसलं तर मला हाक मारा. बाटलीबंद गवताच्या पाण्यापेक्षा तळ्यातलं पाणी आणा, संसर्ग तिथे मिळायची शक्यता जास्त. बहुतेकांनी कंटाळून सोडून दिलं. तिघं-चौघं मात्र सुट्टीच्या दिवशीही प्रयोगशाळेची किल्ली मागायला येतात. मागच्या आठवड्यात एकीनं हाक मारली. मी जाऊन पाहिलं तर पेशी मरायला टेकल्यानं फुगली होती, बाकी काही नाही. तिला तसं सांगितलं. "मग हाफकिनला कसं कळलं, मरतंय म्हणून फुगलंय की आजारी आहे म्हणून?" तिनं विचारलं. शेजारची मरणारी पेशी, शेजारची निरोगी पेशी, सगळ्या एकत्र मोजून, मी म्हटलं. ती वही उघडून रकाने आखायला लागली. उद्या ती पवईचं पाणी आणणार आहे, आणि मला मोठ्या भिंगाची तेलाची बाटली संपलीय ती स्टोअरमधून काढून ठेवायचीय.